घरच्या घरी अ‍ॅक्युप्रेशर: धडधड, टेन्शन, जीव घाबरणं... कोणी करतं का? अनुभव हवेत

मनवा_डोंबिवली
नमस्कार सगळ्यांना. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच माहिती हवीय.

वय ४१, रोज सकाळची फास्ट पकडून भायखळ्याला ऑफिसला जाते. मागच्या महिन्यात गाडी कळव्याच्या पुढे खाडीवर थांबली, नेहमीच थांबते त्यात नवीन काही नाही, पण त्या दिवशी पंखे बंद, चारी बाजूंनी बायका, माझा एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, आणि एकदम छातीत असं धडधडायला लागलं की मला वाटलं आता इथेच काहीतरी होणार. हाताला मुंग्या, तोंड कोरडं, कानात सूं आवाज. कशीबशी ठाण्याला उतरले आणि बाकावर बसले. शेजारी एक साठीच्या मावशी होत्या, त्यांनी काही विचारलं नाही, सरळ माझा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, मनगटाच्या खाली दोन शिरांच्या मधे अंगठा रोवला आणि म्हणाल्या, "बाळा, श्वास घेऊ नको, आधी सोड. सगळा सोड." मी तोवर नुसती घेतच होते, सोडतच नव्हते हे मला तेव्हा कळलं. पाच-सात मिनिटांत हात गार पडायचा थांबला. त्यांची गाडी आली, त्या गेल्या, नावही विचारायचं राहिलं.

त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले, ईसीजी काढला, नॉर्मल. म्हणाले पॅनिक अटॅक वाटतोय, स्ट्रेस कमी करा. स्ट्रेस कमी करा म्हणजे नक्की काय करा ते नाही सांगितलं. त्यानंतर अजून दोनदा झालं, एकदा तर घरी, रात्री भांडी आवरताना. आता गाडीत चढायच्या आधीच पोटात गोळा येतो.

तर प्रश्न असा की त्या मावशींनी दाबला तो पॉइंट कुठला, घरी स्वतःचं स्वतः केलं तर चालतं का, आणि अजून कुठले आहेत? नेटवर पाहिलं तर प्रत्येक जण वेगळीच जागा दाखवतो.

रानफूल
वाचतेय. मलाही हवंय हे.

गोदाकाठ
मनवाताई, आधी एक सांगतो, घाबरू नका, यातून माणसं बाहेर येतात, मी रोज पाहतो. मी नाशिकला असतो, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो, अ‍ॅक्युप्रेशर रीतसर शिकलो आणि गेली १४ वर्षं संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या देवळातल्या हॉलमधे विनामूल्य देतो. डॉक्टर नाही, तसा दावाही नाही.

मावशींनी दाबला तो पीसी सिक्स, चिनी नाव नेइग्वान, म्हणजे आतला नाका. कसा शोधायचा ते नीट वाचा. डावा तळहात वर करा. मनगटावर आडव्या रेषा असतात, त्यातली तळहाताच्या अगदी जवळची रेघ धरा. तिच्यावर उजव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, तर्जनी मधलं अनामिका, अनामिका रेघेला टेकलेली. तर्जनीची कड जिथे संपते तिथे, मधोमध, दोन कडक दोऱ्या लागतात त्यांच्या बरोबर मधे. तिथे अंगठ्याचा गर ठेवायचा, नख नाही, आणि सरळ खाली दाबायचं. किती? दुखलं पाहिजे पण "हां, इथेच" असं वाटलं पाहिजे. दात आवळायची वेळ आली तर जास्त झालं. एक ते दोन मिनिटं, मग दुसरा हात.

दुसरा शेनमेन, एच सेव्हन. मनगटाच्या त्याच रेघेवरून करंगळीच्या बाजूला जा, कडेला मटाराएवढं गोल हाड लागतं, त्याच्या आतल्या अंगाला छोटा खळगा आहे. हा हलका दाबायचा, नाजूक जागा आहे. झोप लागत नाही, मनात विचारांचं चक्र थांबत नाही, त्याला आम्ही हा देतो.

सुरुवात या दोनच पॉइंटनी करा. लोक दहा पॉइंटचे तक्ते फ्रिजवर चिकटवतात आणि ऐन वेळी एकही आठवत नाही. आणि महत्त्वाचं, चांगल्या वेळी करा. सकाळी उठल्यावर, रात्री झोपताना, रोज. अंगाला सवय असेल तर गाडीत हात आपोआप तिथे जातो.

मनवा_डोंबिवली
काका, खूप खूप आभार. आत्ता शोधला. माझ्या नवऱ्याने त्याच्या बोटांनी मोजून दिला तर दोन दोऱ्या सापडल्या पण दुखेचना. मग माझ्याच बोटांनी मोजलं तर जागा बरीच खाली, मनगटाकडे निघाली, आणि तिथे बरोबर कळ आली.

गोदाकाठ
हेच लिहायचं राहिलं बघा. माप ज्याच्या अंगाचं त्याच्याच बोटांचं. तुमच्या मनगटाला तुमची बोटं. लहान मुलाला दाबायचं तर मुलाची बोटं त्याच्या हातावर ठेवून मोजायचं. अंगठ्याची रुंदी एक माप, तीन बोटं दोन माप, चार बोटं तीन माप असा हिशोब आहे. नेटवर "इतके इंच" लिहितात तिथेच चूक होते.

रेवती_फिजिओ
गोदाकाठकाकांनी छान सांगितलंय. मी फिजिओ आहे, दोन गोष्टी अ‍ॅड करते.

त्या दोन दोऱ्या म्हणजे स्नायूंचे कंडरे, शिरा नाहीत. त्यातली एक काही लोकांना जन्मतः नसतेच! अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा, मधोमध एक दोरी ठळक वर आली तर ती आहे. नाही आली तरी काही बिघडत नाही, हाताची ताकदही कमी होत नाही, फक्त पॉइंट शोधताना गोंधळ होतो. अशा लोकांनी मनगटाच्या मधोमध आणि तीन बोटं एवढंच धरावं. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, दोन दोऱ्या सापडत नाहीत म्हणून महिनाभर अंगठ्याच्या मुळाशी नाडीवरच दाबत होत्या.

दुसरं म्हणजे त्या दोन कंडऱ्यांच्या खालून मोठी नस जाते, हाताच्या पहिल्या तीन बोटांना मुंग्या येणाऱ्यांची तीच दबलेली असते. की-बोर्डवर काम करणाऱ्या खूप जणांना हा त्रास असतो. तुम्हाला आधीच रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर तिथे जोरात दाबू नका, मुंग्या वाढल्या तर लगेच सोडा. आणि मनवा, अटॅकच्या वेळच्या मुंग्या वेगळ्या, त्या भराभर श्वास घेतल्यामुळे येतात, रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो म्हणून. त्या मावशींनी "आधी सोड" म्हटलं ते अगदी योग्य होतं. दाबताना मनात चार आकडे मोजत श्वास आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर. बाहेर जाणारा लांब पाहिजे. मला विचाराल तर निम्मं काम तोच करतो.

निशिगंध
मी औषधशास्त्र शिकवते त्यामुळे थोडी पुराव्याची बाजू मांडते, कोणाला नाउमेद करायला नाही.

पीसी सिक्सवर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो टेन्शनवर नाही तर मळमळीवर. ऑपरेशननंतर होणाऱ्या मळमळ-उलटीवर २०१५ साली कॉक्रेनने (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) ५९ चाचण्या एकत्र तपासल्या, ७,६६७ लोक होते त्यात, आणि तो पॉइंट खोट्या उपचारापेक्षा उपयोगी ठरला. प्रवासात उलटी होणाऱ्यांसाठी मनगटावर गुंडी दाबणारा पट्टा मिळतो तो याच जागेसाठी. चिंतेबद्दल बोलायचं तर ऑपरेशनच्या आधी पेशंट घाबरलेला असतो तेव्हा भुवयांच्या मधली जागा दाबून भीती कमी झाली असे बरेच छोटे अभ्यास आहेत. छोटे म्हणजे माणसं कमी, आणि दाबणाऱ्यालाही दाबून घेणाऱ्यालाही माहीत असतं काय चाललंय, त्यामुळे पॉइंटचा परिणाम किती आणि कोणीतरी शांतपणे हात धरून बसलंय त्याचा किती हे वेगळं काढणं अवघड. "चुकीच्या" जागी दाबलं तरी थोडं बरं वाटतंच अनेकांना.

पण म्हणून करू नका असं मी म्हणणार नाही. पैसे लागत नाहीत, साईड इफेक्ट जवळपास नाहीत, लोकल ट्रेनमधे उभ्या उभ्या करता येतं. माझी आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत मी स्वतः रात्री शेनमेन धरून झोपत होते. फक्त त्याला औषधाच्या जागी बसवू नका आणि तपासण्या टाळू नका. मनवा, ईसीजी झाला ते चांगलं, पण थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघितलं का? दोन्हीत धडधड होते, आणि चाळिशीच्या आसपास पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन हमखास बघायला हवं.

मनवा_डोंबिवली
नाही बघितलं. पाळी जास्त जाते हो, वर्षभर. मला वाटलं वयाचं आहे. या शनिवारी करून घेते.

अनघा७४
सगळं वाचलं आणि लिहावं की नाही असा विचार करत होते. लिहितेच.

माझ्या भावाला पहाटे चारला छातीत दाबल्यासारखं झालं, घाम, डावा खांदा जड. घरात सगळ्यांना वाटलं ऑफिसचं टेन्शन चाललंय, गॅस झाला असेल. वहिनीने यूट्यूबवर बघितलेले पॉइंट दाबले, करंगळी दाबली, पाणी दिलं, आणि त्याला थोडं बरंही वाटलं. थोडं बरं वाटलं ना, त्यातच दोन तास गेले. हॉस्पिटलमधे पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले खूप उशीर केलात. तो वाचला पण हृदयाचा बराच भाग कमजोर झाला, आता एक जिना चढला तरी धाप लागते. वय ४६.

वहिनीला कोणी दोष देऊ नये म्हणून इतके दिवस कुठे बोलले नाही. तिने प्रेमाने केलं. पण छातीत पहिल्यांदाच दुखतंय, घाम फुटलाय, जबड्यात हातात पाठीत कळ जातेय, तर कुठलाही पॉइंट शोधत बसू नका. १०८ लावा किंवा रिक्षा पकडा. आणि बायकांना तर कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती मळमळ आणि थकवा येतो. पॅनिक आहे की हार्ट हे घरी बसून ठरवायचं नाही. एकदा डॉक्टरनी सगळं बघून सांगितलं की हे पॅनिक आहे, त्यानंतर मग हे पॉइंट.

रेवती_फिजिओ
अनघाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. भावाला लवकर ताकद येवो. कार्डियाक रिहॅब, म्हणजे देखरेखीखाली हृदयासाठीचा व्यायाम, सुरू केलंय का त्यांचं? नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा, धाप हळूहळू कमी होऊ शकते.

गोदाकाठ
अनघाताई, हात जोडतो. उद्यापासून माझ्या हॉलमधे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगणार. आम्ही विचारतो छातीत दुखतं का, पण "पहिल्यांदा दुखतंय का" असं विचारत नव्हतो.

विदर्भवारा
नमस्कार, अमरावतीहून. माझा पोरगा बारावीत आहे, नीटची तयारी. टेस्टच्या आदल्या रात्री उलट्या करते तो, जेवत नाही. त्याला कोणता पॉइंट शिकवू? पेपर चालू असताना करता येईल असा पाहिजे, कोणाला दिसला नाही पाहिजे.

गोदाकाठ
उलट्या होतात म्हणजे पीसी सिक्सच सगळ्यात चांगला, वर निशिगंधताईंनी लिहिलंय बघा. बाकाखाली हात ठेवून दाबता येतो, कोणाला कळत नाही. दुसरा म्हणजे भुवयांच्या मधे, आपण गंध लावतो ती जागा, चिनी नाव यिनतांग. प्रश्न वाचताना कपाळाला हात लावून बसतो ना आपण, तसं कोपर टेबलावर टेकवून मधलं बोट तिथे ठेवायचं, एक मिनिट, अगदी हलकं, गोल गोल. माझी आजी ताप आला की तिथेच अंगठा फिरवायची, तिला कुठे चीन माहीत होतं!

पण भाऊ, एक विचारू? तो टेस्टच्या आदल्या रात्रीच उलट्या करतो की रिझल्टच्या आदल्या रात्री पण? मार्क सांगायची भीती असेल तर पॉइंट काय करणार.

विदर्भवारा
काका, हे वाचून दोन दिवस काही लिहू शकलो नाही. रिझल्टच्या आदल्या रात्रीच जास्त करते. काल त्याच्यासोबत गच्चीवर बसलो. मी त्याला म्हणलं मार्क मी विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटलं तर सांग. खूप वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणे बाबा तुम्ही फोनवर मामाला सांगता तेव्हा मला ऐकू येते. मग मी त्याचा हात घेऊन तो मनगटाचा पॉइंट दाबून दिला, त्याने माझा दाबला. असाच बसलो अर्धा तास.

निशिगंध
विदर्भवारा, डोळे भरून आले. तरी सांगते, उलट्या आणि न जेवणं चालूच राहिलं तर कौन्सेलरला दाखवा. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून चालू आहे. मुलगा स्वतः फोन करू शकतो, तुम्हीही करू शकता.

चैत्रपालवी
मला पाचवा महिना चालू आहे आणि रात्री खूप विचार येतात, पहिल्या वेळी मिसकॅरेज झालं होतं त्यामुळे सारखी भीती. हे पॉइंट मी करू शकते का? आई म्हणते काही करू नको.

रेवती_फिजिओ
पीसी सिक्स चालतो, गरोदरपणातल्या मळमळीसाठी देतातच. यिनतांग आणि श्वासही करा, पण आधी तुमच्या गायनॅकला एकदा विचारून घ्या, विशेषतः आधीची हिस्टरी आहे म्हणून.

तीन जागा मात्र परंपरेने गरोदर बाईला वर्ज्य आहेत, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग (हेगू), घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर (सानयिनजियाओ), आणि खांद्याचा मधला उंच भाग (जियानजिंग). या तिन्ही जागा कळा आणायला वापरायची पद्धत आहे, त्यामुळे पार्लरमधे खांद्याचा मसाज घेतानाही सांगा की मी प्रेग्नंट आहे. आणि भीतीबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोला, एकदा गमावल्यावर अशी भीती वाटणं अगदी साहजिक आहे, त्यासाठी मदत मिळते.

सानिका_सिंगापूर
इथे सिंगापूरमधे चिनी दवाखाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची सरकारी नोंदणी असते, २००० सालचा कायदा आहे त्यांच्यासाठी. मी झोपेसाठी गेले होते. त्यांनी आधी जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी तीन-तीन बोटांनी बराच वेळ धरली, आणि कानाच्या वरच्या भागात जो त्रिकोणी खळगा असतो तिथे चिकटपट्टीने एक बारीक काळं बी लावून दिलं. दिवसातून तीन-चार वेळा ते बोटाने दाबायचं, तीन दिवसांनी काढायचं. गंमत म्हणजे त्या जागेचं नावही शेनमेन, मनगटावरच्या पॉइंटचंच नाव, पण जागा वेगळी. म्हणून नेटवर शोधताना गोंधळ होतो मनवा म्हणाली तसा.

सुट्टीत पुण्याला आले तेव्हा बघितलं, सासूबाई मेथीदाणे मायक्रोपोर टेपने बोटांवर लावतात. म्हटलं ही तर तीच आयडिया! मला कानातल्या बीने झोप लागली का? पहिल्या आठवड्यात हो. मग लक्षात आलं की बी दाबायचं म्हणून मी रात्री दहाला मोबाईल खाली ठेवत होते.

सोलापुरी_चादर
थोडं अवांतर पण मला राहवत नाही. चीन आणि अ‍ॅक्युपंक्चरचा विषय निघाला की आमच्याकडे लगेच डॉ. कोटणीसांचं नाव घेतात की ही विद्या त्यांनी आणली. सोलापूरकर म्हणून मला त्यांचा जीव की प्राण अभिमान आहे, भैय्या चौकातलं त्यांचं घर मी शाळेच्या सहलीत पाहिलं तेव्हापासून. पण ते सर्जन होते, १९३८ मधे पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी, आणि कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, फक्त ३२ वर्षांचे. परत आलेच नाहीत. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, ते १९५८ मधे पुन्हा चीनला गेले, स्वतःच्या सायनसवर उपचार घेता घेता शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात करायला लागले. ज्याचं श्रेय त्याला मिळावं एवढंच.

आणि आता आपल्या महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे २०१५ चा, कौन्सिल आहे. त्यामुळे बोटाने दाबणं घरी करा, पण सुई टोचून घ्यायची असेल तर समोरच्याची नोंदणी विचारा, लाजू नका.

पाटीलभाऊ
आमच्या आईसाठी प्रदर्शनातनं त्या काट्यांच्या अ‍ॅक्युप्रेशर चपला आणल्यात, टेन्शन बीपी शुगर सगळ्यावर चालतंय म्हणून सांगितलं त्यानं. आईला शुगर आहे १५ वर्षं. रोज अर्धा तास घालते. चालंल का?

रेवती_फिजिओ
पाटीलभाऊ, आज लगेच बंद करा, कृपया. १५ वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाची संवेदना बऱ्याचदा कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही, जखम होते, चिघळते, आणि पुढे काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. आत्ता आईचे दोन्ही तळवे उजेडात बघा, बोटांच्या मधेसुद्धा. लाल, फोड, काळपट काही दिसलं तर उद्याच डॉक्टर.

तसंच रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोरात दाबू नये, काळं-निळं पडतं. पोटरीला सूज आणि दुखत असेल तर तिथे अजिबात दाबायचं नाही, चोळायचं नाही. आणि गळ्याच्या बाजूला जिथे नाडी लागते तिथे तर कोणीच दाबू नका, चक्कर येऊन पडायला होतं.

पाटीलभाऊ
बघितलं. उजव्या अंगठ्याखाली फोड हाय, आईला माहितीच नव्हतं. उद्या सकाळी नेतो. लई उपकार झाले ताई.

रानफूल
मी पण सांगते आता. मला चार वर्षं अ‍ॅन्झायटी आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या वर्षी एका शिबिरात एकांनी सांगितलं की पॉइंट नियमित केले तर गोळ्यांची गरजच नाही, आणि मी एका दिवसात बंद केल्या. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, रडू थांबेना. सायकियाट्रिस्ट रागावले नाहीत, परत चालू केल्या आणि म्हणाले बंद करायच्या असतील तर आपण दोघं मिळून करू, काही महिन्यांत, हळूहळू. पॉइंट करायला त्यांची काहीच हरकत नाही. आता मी दोन्ही करते. मला मानेच्या मागचे जास्त लागू पडतात, कवटी जिथे संपते तिथे दोन बाजूंना खळगे असतात ना, टेबलावर कोपरं टेकवून दोन्ही अंगठे तिथे ठेवायचे आणि डोकं त्यावर सोडून द्यायचं. जोर लावावा लागत नाही, डोक्याचं वजनच पुरतं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून खांदे कानापर्यंत गेलेले असतात ते खाली येतात.

गोदाकाठ
फेंगची. अगदी बरोबर पद्धत सांगितलीत, आम्ही पण तसंच शिकवतो. आणि गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस कोणत्याही पॅथीचा असो, त्याच्याकडे परत जाऊ नका.

मनवा_डोंबिवली
सगळ्यांना अपडेट द्यायचं होतं, तीन आठवडे झाले.

रिपोर्ट आले. थायरॉईड नॉर्मल. हिमोग्लोबिन ८.४! निशिगंधताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून वर्षभर वयाचं आहे म्हणून बसले असते. डॉक्टर म्हणाल्या इतक्या कमी हिमोग्लोबिनवर गर्दीत उभं राहिल्यावर हृदय पळणारच, आणि ते पळालं की मी घाबरते, घाबरले की अजून पळतं. लोहाच्या गोळ्या चालू केल्यात, सोनोग्राफीत छोटा फायब्रॉईड (गर्भाशयातली गाठ) निघाला त्यावर वेगळी ट्रीटमेंट, आणि कौन्सेलरकडे दोन वेळा जाऊन आले. तिने गाडीची भीती हळूहळू कशी घालवायची ते शिकवलं, आधी स्लो गाडी, एकच स्टेशन, मग दोन.

पॉइंट रोज करते, सकाळी चहा उकळेपर्यंत आणि रात्री. मुलगी आठवीत आहे, ती म्हणते आई मला पण, मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एकमेकींचं मनगट धरून उभ्या असतो. परवा गाडी पुन्हा खाडीवर थांबली. धडधड झाली. हात आपोआप तिथे गेला काका, तुम्ही म्हणाला होतात तसाच. घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण ठाण्याला उतरले नाही, भायखळ्यापर्यंत गेले.

अनघा७४
वा मनवा! फार बरं वाटलं.

सानिका_सिंगापूर
त्या मावशी परत भेटल्या का गं?

मनवा_डोंबिवली
नाही ना. ठाणं आलं की त्या बाकाकडे बघते रोज. भेटल्या की आधी नाव विचारणार आहे.

निशिगंध
मनवा, छान झालं. एक विचारते, लोहाची गोळी कशाबरोबर घेतेस? चहाबरोबर नको, चहा-कॉफी आणि गोळीत निदान एक-दोन तास जाऊ देत, दूध आणि कॅल्शियमची गोळी पण सोबत नको. लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर चांगली शोषली जाते. आणि शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस, लोहामुळे होतं ते.

मनवा_डोंबिवली
अगं बाई! सकाळच्या चहाबरोबरच घेत होते, पॉइंट दाबून झाले की लगेच. उद्यापासून अकरा वाजता ऑफिसमधे घेते, डब्यात लिंबाची फोड टाकून नेते.